खांडबाऱ्याच्या एका ध्वनिफितीच्या दोन संगणकीय प्रती : परीक्षण

पोथीच्या दोन प्रती हातीं आल्या म्हणजे कोणती जुनी, कोणती शुद्ध व कोणती कोणावरून उतरली हें पाहण्याचा परिपाठ आमच्या वाचकांस नवा नाहीं. ध्वनिफितीच्या दोन प्रतींवर हाच प्रयोग करण्याचा प्रसंग मात्र आम्हांस प्रथमच आला. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, खांडबारा हें गांव आहे. तेथील एका संग्राहकांनीं गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे एक कॅसेट व तिच्या दोन संगणकीय प्रती पाठविल्या, आणि सोबतच्या पत्रांत विचारलें कीं, "घरीं अशा आणखी चाळीस कॅसेटी आहेत, त्या संगणकांत उतरविण्यासाठीं कोणतें साउंड कार्ड घ्यावें तें कळवावें." प्रश्न दोन ओळींचा, उत्तरास आम्हांस चार महिने लागले. तें उत्तर व त्यासाठीं केलेली तपासणी येथें देत आहों. तपासणीच्या ओघांत आमच्या हातून एक हानि झाली, तीहि लपवीत नाहीं.

प्रथम मूळ वस्तूचें वर्णन. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे प्रत्येक बाजूस तीस मिनिटें. फीत साध्या फेरिक जातीची. खोक्यावर निळ्या शाईनें 'लग्न' व 'होळी' हे दोनच शब्द लिहिले आहेत. साल नाहीं, गाणारणींचीं नांवें नाहींत. संग्राहक सांगतात कीं त्यांच्या वडिलांनीं ती घरच्या टेपरेकॉर्डरवर भरली. लग्नाचीं गीतें मांडवांत व होळीचीं गीतें होळीच्या रात्रीं उघड्यावर. फिलिप्स कंपनीनें कॅसेट हा प्रकार १९६३ सालीं प्रथम काढला, एवढी पूर्वमर्यादा निश्चित. उत्तरमर्यादेस एक आंतरिक पुरावा आहे. पहिल्या बाजूच्या अखेरीस कोणाच्या तरी हातून मुद्रणाची कळ चुकून दाबली गेली असावी. कारण गीतावर सुमारें तीन सेकंद रेडिओच्या बातम्यांचा तुकडा चढला आहे व त्यांत एका मंत्र्याचें नांव अर्धेमुर्धें ऐकूं येतें. जुनीं अक्षरें खरवडून त्यावर नवीं लिहिलेलीं पानें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. नांव अर्धेंच असल्यामुळें त्यावर आम्ही तूर्त भिस्त ठेवीत नाहीं. कॅसेटीच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन लहान दांते त्याच वेळीं मोडून टाकले असते तर पुनर्मुद्रणाची कळच दबली नसती. ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी आहेत त्यांनीं हा लेख पुढें वाचण्यापूर्वीं उठून तेवढें काम करावें.

गीतें मावची बोलींतील आहेत. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत भिल्ली बोली व खानदेशी यांचा विचार असून मावचीसहि तेथें स्वतंत्र स्थान मिळालें आहे. भिल्ली बोलींचें एक ठळक लक्षण असें कीं मराठी-गुजरातींतील सकाराच्या जागीं तेथें पुष्कळदां हकार येतो. 'सात' या संख्येचा 'हात' होतो. मराठी माणसास तो शब्द हाताचा वाचक वाटतो आणि सात जणांच्या जागीं हात दिसूं लागतात. हें लक्षण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व वाद या एका हकाराभोंवतीं फिरतो.

आतां प्रती. पहिलीस आम्ही 'क' म्हणतों. ती संग्राहकांच्या मुलानें घरच्या संगणकावर, संगणकाच्या मूळच्याच साउंड कार्डावर उतरविली. सेकंदास ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या, कोणतीहि आटणी न केलेली फाइल. दुसरी 'ख'. ती एका शहरांतील दुकानांत पैसे मोजून करविली. एमपीथ्री रूपांत आहे. 'क' ऐकवत नाहीं. तीत प्रथमपासून शेवटपर्यंत विजेची घूं घूं आहे, वर फितीची सूं सूं आहे, आणि ढोलाचा ठोका पडला कीं आवाज फाटतो. 'ख' स्वच्छ आहे. आमच्या बैठकींत दोन्ही वाजविल्या तेव्हां सर्वांनीं 'ख' ची वाखाणणी केली, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि त्यांत होतों. उत्तर सोपें झालें असें वाटलें : दुकानदाराजवळ जें कार्ड होतें तेंच घ्यावें.

दुसऱ्या दिवशीं लग्नगीतांचें लेखन करावयास बसलों आणि घोटाळा उघड झाला. मावची जाणणारे एक शिक्षक आमच्या शेजारीं बसले होते. 'ख' वरून लिहितांना ते वारंवार थांबूं लागले. शब्द ओळखीचे, पण तोंडें कापलेलीं. 'हात' च्या जागीं 'आत', आणि असेंच इतरत्र. प्रथम वाटलें कीं गाणारणींची ही उच्चाराची लकब असावी. कांहीं बोलींत आरंभींचा हकार लोपतोहि, आणि अशी लकब सांपडली तर ती टिपणांत घेण्याजोगी गोष्ट. आम्हीं तसें टिपणहि केलें. तें छापलें असतें तर मावचीच्या अभ्यासांत एक खोटें लक्षण कायमचें शिरलें असतें. सुदैवानें शिक्षकांनीं 'क' लावावयास सांगितलें. घूं घूं व सूं सूं यांच्या खालीं, कानांस त्रास देत, पण निःसंशय, प्रत्येक हकार आपल्या जागीं होता.

असें कां व्हावें ? खरखर काढणारी संगणकीय युक्ति थोडक्यांत अशी असते. गीतापूर्वींचा एखादा मूक तुकडा घ्यावयाचा, त्यांतील खरखर कोणत्या उंचीच्या स्वरांत किती आहे तें मोजावयाचें, आणि सर्व मुद्रणांतून तितका अंश वजा करावयाचा. जी सूं सूं फितीची, तिच्यासारखेंच जें कांहीं मानवी कंठांतून निघेल तेंहि त्या झाडूखालीं येतें. हकार म्हणजे कंठांतील नुसता श्वास. त्याचा ध्वनि फितीच्या सूं सूं इतकाच विस्कळीत व तितकाच क्षीण. यंत्रास दोहोंतील भेद कळण्याचें कारण नाहीं. शब्दामागून येणारा श्वास, दोन ओळींमधील दम घेणें, दूरच्या बाईनें धरलेली झील, हीं सर्व 'ख' मधून अशींच नाहींशीं झालीं आहेत. एकदां हें कळल्यावर 'ख' मधील गाणें पाण्याखालून आल्यासारखें कां वाटतें तेंहि कळतें.

येथें एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. आमच्या एका स्नेह्यांनीं सर्व दोष एमपीथ्री या रूपावर टाकला. त्या रूपांत, कानास कळणार नाहीं असा हिशेब करून, ध्वनीचा बराच भाग गाळला जातो हें खरें. जतनासाठीं तें रूप आम्हांस मान्य नाहीं. परंतु आरोप करण्यापूर्वीं पुरावा पाहावा. आम्हीं 'क' चीच एक नक्कल त्याच मापाच्या एमपीथ्रीमध्यें केली. हकार शाबूत राहिले. तेव्हां या विशिष्ट पापाचा धनी तो नव्हे. त्या रूपांत फार उंच स्वर कापले जातात अशीहि तक्रार असते, पण साध्या फेरिक कॅसेटीवर व घरगुती टेपरेकॉर्डरवर ते स्वर मुळांतच उतरलेले नसतात. नाहीं त्या धनाच्या चोरीची फिर्याद करण्यांत अर्थ नाहीं.

'ख' चा निषेध करून 'क' ची स्तुति करणें सोपें, पण 'क' हि निर्दोष नाहीं, आणि साउंड कार्डाचा खरा प्रश्न येथें उपस्थित होतो. 'क' च्या दोन वाहिन्या आम्हीं ताडून पाहिल्या. त्या अंकागणिक एकच निघाल्या. दोन वाहिन्यांच्या फितीवरून निराळ्या उतरलेल्या वाहिन्या, मुद्रण एका मायक्रोफोनाचें असलें तरी, अशा तंतोतंत जुळत नाहींत. यावरून अनुमान असें कीं उतरविणारानें दोर 'लाइन' च्या छिद्रांत न घालतां 'माइक' च्या छिद्रांत घातला. पुष्कळ संगणकांत, विशेषतः लॅपटॉपांत, तेवढें एकच छिद्र असतें, व तें बहुधा एकाच वाहिनीचें असतें. टेप डेकमधून बाहेर पडणारा दाब सामान्यतः एक तृतीयांश व्होल्टाच्या आसपास. माइकचें छिद्र कांहीं सहस्रांश व्होल्टांसाठीं घडविलेलें. ओंजळीच्या तोंडीं पाट सोडल्यासारखा तो प्रकार आहे. आलेखावर पाहिलें तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला लहरींचीं शिखरें छाटून सपाट झालेलीं दिसतात. सपाटीवरच्या अक्षराचें काय झालें हें जगांतील कोणतीहि युक्ति आतां निश्चयानें सांगूं शकणार नाहीं. घूं घूं चेंहि मूळ सांपडलें : ५० हर्ट्‌झ व त्याच्या पटी, म्हणजे आपल्याकडील विजेची स्वतःची सही. डेक व संगणक निराळ्या भिंतींवरच्या निराळ्या खोबणींत लावले आणि दोहोंच्या भू-तारा दोरामधून एकमेकींस मिळाल्या म्हणजे हा गुंजारव होतो.

प्रतींची योग्यता ठरवितांना म्हणून आमचा निर्णय असा : 'क' हा अडाणी पण प्रामाणिक लेखनिक, त्याचें अक्षर वाईट, शाई सांडलेली, कांहीं अक्षरें खाल्लेलीं, पण जें लिहिलें तें पाहून लिहिलें. 'ख' हा सुंदर वळणाचा लेखनिक. त्यानें जें समजलें नाहीं तें गाळलें आणि गाळल्याची खूण ठेविली नाहीं. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक सांगून ठेवतो कीं पाहिलें तसें लिहिलें, दोष मजकडे लावूं नये. 'ख' ला ती पुष्पिका लिहितां येणार नाहीं. दुकानदाराचें कार्ड बहुधा चांगलेंच होतें. ढोलाचे ठोके 'ख' मध्यें कोठेंहि फाटलेले नाहींत, घूं घूं चाहि मागमूस नाहीं. चांगल्या कार्डानें जें आणलें तें सफाईच्या हौसेनें घालविलें.

मूळ कॅसेट हातीं असतां दोन सदोष प्रतींचा काथ्याकूट कशास, असें वाचक म्हणतील. आम्हांसहि तसेंच वाटलें व आम्हीं तिसरी प्रत 'ग' करावयास घेतली. पहिली बाजू निर्विघ्न उतरली. दुसऱ्या बाजूस अठरा मिनिटें झालीं असतां फीत डेकच्या रबरी चाकांत गुंतली, चुरगळली, व सोडवितांना तुटली. सुमारें चार मिनिटांचा भाग कामांतून गेला. जुन्या कॅसेटींत फितीला मागून टेकू देणारा नमद्याचा तुकडा डिंक सुकून निखळतो. तो आधीं पाहावयास हवा होता, फीत नव्या कवचांत घालावयास हवी होती, आणि निदान एकदां पुढें-मागें गुंडाळून मोकळी करावयास हवी होती. आम्हीं यांतील एकहि गोष्ट केली नाहीं. दोष सर्वस्वीं आमचा. संग्राहकांस तसें कळविलें. त्यांचें उत्तर सौम्य आलें, त्यामुळें अधिकच लाजिरवाणें वाटलें.

त्या चार मिनिटांपुरता आतां मूळ ग्रंथ नष्ट व दोन सदोष प्रती शिल्लक, अशी स्थिति आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली, तिची मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं, आणि छापील पानावरील शंकेस उत्तर देणारें कोणी उरलें नाहीं. धुळ्यास ज्यांनीं अखेरचा श्वास घेतला त्या संशोधकाच्या भूमीपासून खांडबारा फार दूर नाहीं. अडचण मात्र तीच आमच्या दारीं आली.

या तुकड्याची संहिता आम्हीं पुढीलप्रमाणें लाविली. दोन्ही प्रती एकाच फितीवरून उतरल्या असल्या तरी दोन डेकांची गति एक नव्हती. 'ख' ची चाल 'क' हून दीड टक्का संथ आहे, म्हणजे तीस मिनिटांत सत्तावीस सेकंदांचें अंतर, आणि स्वरांत सुमारें अर्ध्या श्रुतीचा फरक. तो जुळवून घेतल्यावर दोन्ही शेजारीं ठेविल्या. ढोलाच्या ठोक्यांमधील शब्द 'क' वरून घेतले, ठोक्याखालचे 'ख' वरून. जेथें शब्दाचा आरंभ ठोक्याखालीं येतो तेथें 'क' मध्यें अक्षर फाटलें आहे व 'ख' मध्यें हकार असता तरी उरला नसता. अशीं स्थळें अकरा निघालीं. त्यांतील सहा ठिकाणीं तोच शब्द पुढें ठोक्याविना पुन्हां येतो म्हणून पाठ निश्चित करतां आला. उरलेल्या पांच स्थळांखालीं, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संशयित पाठाखालीं देतात तशी नागमोडी रेघ दिली आहे. त्या पांचांपैकीं एक जागा गीताच्या अर्थाच्या दृष्टीनें नाक्याची आहे : माहेरास नेण्यास आलेले 'सात' कीं आणखी कांहीं, तें त्या एका अक्षरावर अवलंबून आहे. शिक्षकांचा कौल साताकडे. आमचाहि तोच, पण रेघ पुसलेली नाहीं.

आतां संग्राहकांच्या प्रश्नाकडे वळतों.

फितीवरून येणारा ध्वनि हा विजेचा अखंड चढउतार असतो. कार्ड त्या चढउताराची उंची सेकंदास हजारों वेळां मोजून अंक लिहितें. किती वेळां मोजावें व मोजपट्टीवर रेघा किती असाव्या, हे दोन प्रश्न. १६ बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ रेघा असतात. २४ बिटांच्या पट्टीवर १,६७,७७,२१६. ध्वनि-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघानें आपल्या मार्गदर्शिकेंत (दुसरी आवृत्ति, २००९) सेकंदास निदान ४८,००० नमुने व २४ बिट हें किमान मान ठरविलें असून ९६,००० हा आंकडा पुष्कळ ठिकाणीं वापरांत आहे. साध्या कॅसेटीचा क्षीणतम व प्रबलतम ध्वनींमधील पल्ला पन्नास-साठ डेसिबलांचा. १६ बिटांत छप्पन्न नव्हे, शहाण्णव मावतात. मग २४ कशास ? तर चूक पचविण्यासाठीं. ढोल केव्हां वाजेल हें उतरविणारास आधीं ठाऊक नसतें. पट्टी लांब असली म्हणजे पातळी बारा-पंधरा डेसिबल खालीं ठेवून स्वस्थ बसतां येतें. ठोका पडला तरी शिखर छाटलें जात नाहीं व क्षीण हकारहि रेघांच्या मध्यें हरवत नाहीं. 'क' चा मुख्य दोष एवढ्यानेंच टळला असता. ९६,००० नमुने व २४ बिट धरले तर दोन वाहिन्यांच्या एका तासास सुमारें दोन गिगाबाइट जागा लागते. चाळीस कॅसेटींस ऐंशी. आजच्या काळीं ही जागा मोठी नाहीं, म्हणून काटकसरीच्या युक्तिवादास येथें थारा देऊं नये.

मार्गदर्शिकेचें दुसरें म्हणणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. मोजणी करणारा भाग संगणकाच्या पेटींत नसावा, बाहेर निराळ्या डबींत असावा. पेटींत पंखे, वीजपुरवठा, चक्रिका यांचा विद्युत्-कोलाहल चाललेला असतो, व संगणकाबरोबर फुकट येणारें कार्ड तेथेंच, त्याच पटलावर बसविलेलें असतें. गुऱ्हाळांत बसून पोथी उतरविण्यासारखें तें आहे. यूएसबीनें जोडावयाच्या बाहेरच्या डब्या आतां सर्वत्र मिळतात. त्यांतील जिला खरें 'लाइन' छिद्र आहे, पातळी हातानें कमी-जास्त करण्याची खुंटी आहे, व जी २४ बिट देते, ती घ्यावी. किंमती आम्ही देत नाहीं. अंक छापून वाचकांच्या हातीं पडेपर्यंत त्या बदललेल्या असतील.

कार्डाच्या आयुष्याचाहि विचार करावा. २००० सालच्या सुमारास एम-ऑडिओचें 'ऑडिओफाइल २४९६' हें कार्ड तबकड्या व फिती उतरविणाऱ्या हौशी मंडळींत फार मानलें जाई, व तें योग्यच होतें. पण तें ज्या पीसीआय खांचेंत बसे ती खांचच नव्या संगणकांतून गेली. उत्तम लेखनिक, पण त्याची बैठक मोडली. उलट दिशेचें उदाहरण १९९८ च्या 'साउंड ब्लास्टर लाइव्ह' चें. खेळांच्या ध्वनीसाठीं तें कार्ड गाजलें. मात्र त्याचें अंतरंग ४८,००० याच गतीनें चाले, आणि ४४,१०० मागितले तर तें आंतल्या आंत रूपांतर करून देई. मागितलें तें मिळालें असें वाटावें, आणि मिळालेलें मात्र दुभाष्याच्या तोंडून आलेलें असावें, असा हा मामला. अशी गुप्त रूपांतरें आजहि संगणकाच्या मूळ प्रणालीकडून होतात. शिवाय लॅपटॉपांत 'आवाज सुधारण्याच्या' व पातळी आपोआप वरखालीं करण्याच्या सोई बहुधा चालूच ठेवून दिलेल्या असतात. त्या शोधून बंद कराव्या. 'ख' च्या दुकानदारानें जें हौसेनें केलें तेंच या सोई न विचारतां करतात.

नवें कार्ड आलें कीं पहिलें काम गीत उतरविण्याचें नव्हे. डेक जोडावा, चालू करावा, फीत न लावतां एक मिनिटभर मौन मुद्रित करावें, आणि तें मौन मोठ्या आवाजांत ऐकावें. घूं घूं असेल तर आतांच कळेल. डेक व संगणक एकाच पाटीवरून लावावे, किंवा लॅपटॉपाची वीज काढून तो बॅटरीवर चालवावा. आम्हीं 'ग' ची पहिली बाजू उतरविली त्या वेळीं गुंजारव जाईना. दोर बदलले, जागा बदलली, तरी जाईना. अखेरीस लॅपटॉपाचा विजेचा दोर काढतांच तो नाहींसा झाला. हें मौन फाइलीबरोबर जपून ठेवावें. पुढील संशोधकास त्यावरून कार्डाचा दोष कोणता व फितीचा कोणता हें वेगळें करतां येईल.

आणखी एक गोष्ट कार्डाच्या आधींची आहे, व तिजकडे दुर्लक्ष झालें तर लाखाचें कार्डहि व्यर्थ. डेकच्या वाचक-डोक्याचा कल मूळ मुद्रणाच्या कलाशीं जुळला पाहिजे. एक लहानसा स्क्रू किंचित् फिरवितांच बोथट आवाज धारदार होतो; सकार-हकार यांची ओळख त्या धारेवरच अवलंबून असते. प्रत्येक कॅसेट निराळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून प्रत्येकीसाठीं हा कल कानानें पुन्हां लावावा. ज्यांच्या संग्रहीं लाखेच्या जुन्या तबकड्या आहेत त्यांचीं पथ्यें याहून निराळीं : सुई रुंद हवी, ७६ मायक्रॉनच्या आसपास, आणि १९५४ नंतर रूढ झालेली स्वर-समतोलाची पद्धति जुन्या तबकडीस लावूं नये. त्याचा विस्तार येथें अप्रस्तुत होईल. ग्रियर्सन यांच्या पाहणीच्या आनुषंगानें १९१३ ते १९२९ या काळांत भरलेल्या तबकड्या शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय ग्रंथालयांतून ऐकावयास मिळतात. त्यांतील खरखर ऐकून नाक मुरडणाऱ्यांनीं वरील हकाराची कथा आठवावी.

सफाई करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांस ऐकविण्यासाठीं स्वच्छ प्रत अवश्य करावी; पोथीवरून सुबोध आवृत्ति काढतोंच कीं. पण ती निराळी फाइल असावी, मूळ उतारा अस्पर्श राहावा, व दोहोंचीं नांवें निराळीं असावीं. मूळ उताऱ्यासाठीं युरोपीय प्रसारण संघानें १९९७ सालीं ठरविलेलें 'ब्रॉडकास्ट वेव्ह' हें रूप वापरावें. साध्या वेव्ह फाइलीहून त्यांत अधिक इतकेंच कीं वर्णन, तारीख, उतरविणाराचें नांव, व कोणत्या डेकवरून कोणत्या कार्डानें किती बिटांत उतरविलें याचा वृत्तान्त फाइलीच्या पोटांतच लिहून ठेवतां येतो. ही त्या प्रतीची पुष्पिका. 'क' व 'ख' या दोहोंतहि ती कोरी होती. ती भरलेली असती तर वरील अर्धें परीक्षण करावें लागलें नसतें.

खांडबाऱ्याच्या संग्राहकांस आम्हीं हें सर्व कळविलें असून त्यांनीं बाहेरच्या जातीची डबी घेतली आहे. चाळिसांपैकीं तीन कॅसेटी उतरून आमच्याकडे आल्या. मौन शांत आहे, पातळी खालीं आहे, हकार जागेवर आहेत, आणि सूं सूं हि भरपूर आहे. तुटलेल्या फितीचे तुकडे जोडून, कवच बदलून ती त्यांस परत पाठविली. होळीच्या गीताची ती कॅसेट त्या काळीं खांडबारा-नवापूरकडील दोन-तीन घरांनीं आपसांत उतरवून घेतली होती असें त्यांच्या आईंस स्मरतें. अशी दुसरी उतरवलेली कॅसेट कोणा वाचकाच्या किंवा त्यांच्या परिचितांच्या घरीं असल्यास, ती न वाजवितां, प्रथम मंडळास कळवावें. दुसऱ्या बाजूचा अठराव्या मिनिटापुढचा भाग पाहिजे आहे.